परक्या रोपांच्या मागावर : वाई ते मिरज

पहिला दिवस : वाई, पसरणी घाट, पाचगणी

सातारा-सांगलीची पिकं बघायची तर फेब्रुवारीत निघावं. डोंगरावर स्ट्रॉबेरी ऐन भरात असते, खाली उसाची तोड चालू असते, तासगावच्या बागांत द्राक्षं उतरत असतात आणि सांगलीच्या बाजारात नवी हळद यायला लागलेली असते. मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पिकांचं उगमस्थान मुलं धडाधड पाठ करतात. बटाटा अँडीजचा, मका मेक्सिकोचा, ऊस न्यू गिनीचा. पण तिथून निघालेलं बी आपल्या शिवारात पोचलं कसं, कुणाच्या हातून पोचलं आणि इथं आल्यावर त्याला जगवलं कुणी, यावर धड्यात एक ओळ नसते. ती ओळ शोधायला निघाले. सोबत मामा. मामांनी तासगावकडे आयुष्यभर द्राक्षबाग केली, आता बाग मामेभाऊ बघतो. गाडीत बसल्याबसल्या ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकातलं तू सांग, रानातलं मी सांगतो. चालतंय न्हवं?"

वाईला गणपती घाटावर दर्शन घेतलं. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून इतकी वर्षं चाललं ते हे गाव, त्यामुळे माझ्यासारखीला इथं वेगळीच ओढ असते. पण आज काम नर्सरीवाल्यांकडे होतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं अर्धं गुपित वाईच्या रानात आहे. परदेशातून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून, दर वर्षी मदर प्लांट येतात. महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्यात ही कोवळी रोपं टिकत नाहीत. म्हणून उन्हाळा-पावसाळ्यात ती खाली वाईच्या बाजूला वाढवायची. एका मदर प्लांटला जमिनीसरशी पळणारे रनर फुटतात, रनरच्या प्रत्येक सांध्याला नवं रोप धरतं, ते पिशवीत घ्यायचं आणि पाऊस ओसरला की घाटावर लावणीला पाठवायचं. आम्ही गेलो तेव्हा त्या वावरात गहू उभा होता. नर्सरीवाल्या काकांनी बांधावर बसून सगळं समजावलं. "वर पिकतंय ते वरचं, पण त्याचं बाळंतपण आमच्याकडं," असं ते अभिमानानं म्हणाले, आणि मला ते पुरेपूर पटलं.

पसरणी घाट चढून पाचगणीत आलो की एकदम झाडं बदलतात. उंच, सरळ, पानांच्या खालच्या बाजूला रुपेरी झाक असलेले सिल्व्हर ओक रस्त्याच्या दोन्ही अंगांना. हे झाड पूर्व ऑस्ट्रेलियाचं. जॉन चेसन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाचगणी वसवली आणि वसवताना परदेशी झाडंही लावून पाहिली. सिल्व्हर ओक आणि मेक्सिकोचा पॉइन्सेटिया ही त्यांतलीच. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, तिथं थोडा वेळ उभे राहिलो. मामांना सिल्व्हर ओक मुळीच आवडत नाही. "पाखराला फळ न्हाई, गुराला पाला न्हाई," हे त्यांचं मत. मला तेवढं टोकाचं वाटत नाही. पण करवंदी, जांभूळ, हिरडा या इथल्या झाडांनी जितके जीव पोसले त्याच्या जवळपासही हे झाड जात नाही, हे त्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नाही.

दुसरा दिवस : भिलार, महाबळेश्वर, लिंगमळा

भिलार आता पुस्तकांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. आम्ही सकाळी सातला गेलो ते थेट तोडणी चाललेल्या वावरात. गादीवाफ्यावर मल्चिंगचा कागद, खालून ठिबक, कागदाच्या भोकांतून वर आलेली तीन-तीन पानांची झुपकेदार रोपं. बायका वाकून देठासकट फळ खुडत होत्या, बोटांचा दाब फळाला लागू न देता. एक फळ हातात घेऊन जवळून बघितलं. बाहेरून चिकटलेले पिवळसर दाणे आपण बिया समजतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं तो प्रत्येक दाणा म्हणजे एकेक स्वतंत्र फळ. आपण आवडीनं खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. तोडणीवाल्या एका मावशींना हे सांगितलं तर त्यांनी हातातलं फळ उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग एवढी फळं एकावर मोफतच की!"

या फळाचा प्रवास मला कुठल्याही राजाच्या स्वारीपेक्षा मोठा वाटतो. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनिअर १७१२ साली दक्षिण अमेरिकेला निघाला. काम होतं चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचे स्पॅनिश किल्ले हेरून नकाशे काढायचं. चिलीत त्याला अंड्याएवढ्या मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. ती रानातून तोडून आणलेली नव्हती. तिथले मापुचे लोक ती कित्येक पिढ्या लावत, निवडत, मोठी करत आले होते. १७१४ साली फ्रेझिए परतला तेव्हा सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात पिण्याच्या पाण्यातून वाटा देत जगवलेली पाच रोपं त्याच्याजवळ शिल्लक होती. रोपं वाढली, फुलली, पण फळच धरेना, कारण सगळी मादी. पुढे ब्रिटनीच्या भागात उत्तर अमेरिकेतून आलेल्या लहान फळांच्या स्ट्रॉबेरीशेजारी ती लावली गेली, परागकण मिळाले आणि दोघींचा संकर झाला. हा संकरच आहे हे १७६६ साली दुशेन या तरुण फ्रेंच अभ्यासकानं ओळखलं. आज जगभर खाल्ली जाते ती बागेतली स्ट्रॉबेरी हीच. दोन अमेरिकांच्या दोन जाती, त्यांची गाठ पडली युरोपात, आणि त्यांची लेक नांदतेय जावळीच्या डोंगरात. फ्रेझिएचं नाव इतिहासात राहिलं. चिलीतल्या त्या रोपांना मोठं करणाऱ्या हातांचं एकही नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि हीच गोष्ट या प्रवासात पुढे जागोजागी भेटत राहिली.

महाबळेश्वरातही तेच. १८२८-२९च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात हे थंड हवेचं ठिकाण म्हणून उभं राहिलं, पेठेला माल्कम पेठ नाव पडलं. पण इथं भाजीपाल्याची शेती रुजवण्यात मोठा वाटा होता तो कैद्यांचा. मलाक्का-सिंगापूरकडून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी १८३०च्या दशकापासून १८६४पर्यंत इथल्या तुरुंगात होते. रस्त्यांची कामं त्यांनी केली, वेताच्या टोपल्या विणल्या, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. ज्यांना स्वतःच्या गावी परत जायची मुभा नव्हती त्यांनी अँडीजमधला बटाटा सह्याद्रीत जगवून दाखवला. वेण्णा तलावाजवळ लोक गाजरं आणि भाजलेली कणसं खात मजेत फिरत होते. तिथं त्या कैद्यांच्या नावाची एखादी पाटी असायला हवी, असं मला फार वाटलं.

दुपारी लिंगमळ्याला गेलो. पर्यटक धबधब्यासाठी जातात, फेब्रुवारीत त्याला जेमतेम धार असते. मी गेले होते एका फसलेल्या लागवडीची जागा बघायला. १८६०च्या दशकात सरकारनं इथं सिंकोना लावून पाहिला होता.

सिंकोना म्हणजे क्विनीनचं झाड, पेरू-बोलिव्हिया-इक्वेडोरच्या डोंगरांतलं. साल उकळून प्यायली की हिवताप उतरतो, हे युरोपीय लोकांना दक्षिण अमेरिकेत कळलं. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळं काढलं. हिवतापानं सैन्य मरत असताना ज्याच्या हाती ही साल त्याच्या हाती साम्राज्य, असा तो काळ. १८६०च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कम यांनी पेरूतून आणि रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमधून रोपं-बी गोळा केलं. रोपं समुद्रापार न्यायला नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरची काचेची बंद पेटी होती. झाडानं सोडलेली वाफ काचेवर जमते, पुन्हा मातीत उतरते, वरून पाणी घालावं लागत नाही, खारा वारा लागत नाही. १८३३ साली अशा पेट्या इंग्लंडहून सिडनीला सुखरूप पोचल्या आणि झाडांची ने-आण कायमची बदलली. त्याआधी जहाजावर चढवलेल्या रोपांतली बहुतेक वाटेतच मरत.

नीलगिरीत सिंकोना जगला. लिंगमळ्यात नाही. कारण इथं उभं राहिलं की कळतं. सिंकोनाला बारमाही ओल हवी, धुकं हवं, अधूनमधून पाऊस हवा. इथं चार महिने नुसता धो-धो आणि नंतर आठ महिने कोरडं. सरकारी पैसा, शिकलेले अधिकारी, वनखातं, सगळं असूनही १८७०च्या दशकात हा नाद सोडावा लागला. मामा पायानं माती उकरत म्हणाले, "आभाळाला हुकूम चालत न्हाई." तीच अडचण स्ट्रॉबेरीला होती, फक्त ती शेतकऱ्यांनी सोडवली. रोपं पावसाळ्यात खाली न्यायची, हा तोडगा कुठल्या बोटॅनिकल गार्डनच्या अहवालातून आलेला नाही.

सिंकोनाचा पुढचा भाग मामांना गाडीत सांगितला. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याचा बोलिव्हियन सहकारी होता मान्वेल इंक्रा मामानी. कुठल्या झाडाच्या सालीत दम आहे हे तो नजरेनं ओळखायचा. त्यानं गोळा केलेल्या बियांत क्विनीन इतर जातींच्या कितीतरी पट निघालं. ते बी १८६५ साली डचांनी विकत घेतलं, जावात लावलं, आणि १९३०च्या दशकात जगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त क्विनीन एकट्या जावातून येत होतं. झाडाला नाव मिळालं लेजरचं. मामानी पुन्हा बी आणायला गेला, पकडला गेला, तुरुंगात मार खाल्ला आणि त्यातच गेला. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आडनाव बघ की, मामानी. आपल्यातलाच वाटतोय."

तिसरा दिवस : कोरेगाव, मग कृष्णाकाठानं खाली

हा दिवस बहुतेक रस्त्यात गेला. कोरेगावात एका किराणा दुकानातून वाघ्या घेवडा घेतला. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, वाघाच्या अंगावर असावेत तसे. कोरेगाव भागाचं हे खास पीक, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. हा राजमाच्याच जातीतला, म्हणजे मूळ अमेरिकेचा. मेक्सिकोकडे आणि अँडीजमध्ये, अशा दोन ठिकाणी माणसानं तो वेगवेगळा माणसाळवला. हिंदुस्थानात तो कोलंबसाच्या नंतरच आला. तरी दुकानदारांना तो परदेशी आहे म्हटल्यावर त्यांनी चक्क वाद घातला, आणि त्यांच्या बाजूनंही बोलण्यासारखं होतं. खरिपातलं थंड, ढगाळ हवामान आणि पिढ्यानपिढ्या घरात राखलेलं बी यांतून जो दाणा तयार झाला तो अँडीजमध्ये सापडणार नाही. मानांकन देतात ते याच गोष्टीचं.

कराडपासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागेच गाडी. बैलगाड्याही होत्या, जुवाखाली माना वाकवून चाललेल्या बैलांच्या. फडात उसाच्या वाणांचे ८६०३२ आणि २६५ हे दोनच आकडे ऐकू येतात. यातला फुले २६५ पाडेगावच्या संशोधन केंद्राचा, ते केंद्र सातारा जिल्ह्यातच, फलटण तालुक्यात. ८६०३२ कोईमतूरचा. पण या आकड्यांच्या पोटात अर्धं जग आहे. जाड, रसाळ, गोड ऊस मूळ न्यू गिनीचा. तो रोगाला फार लवकर बळी पडे. जावात सेरेह रोगानं मळे बसले तेव्हा डचांनी त्याचा रानटी जातीशी संकर सुरू केला आणि १९२१ साली पीओजे २८७८ हा प्रसिद्ध वाण निघाला. इकडे कोईमतूरला बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी आपल्याकडच्या नदीकाठच्या रानटी गवताशी गोड उसाचा संकर करून १९१८ साली को २०५ दिला. जानकी अम्माळ यांनी तिथंच उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं. आपल्याकडच्या कालव्याखालच्या शेतीत आजोबांच्या काळात गाजलेला को ४१९ म्हणजे जावाचा २८७८ आणि कोईमतूरचा को २९० यांचं अपत्य. मामांना '४१९'ची चव अजून आठवते. त्याचं मूळ जावात आहे हे मात्र त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं, आणि खूश झाले.

चौथा दिवस : तासगाव

आज बोलायची पाळी मामांची होती. सकाळी बागेत शिरताच त्यांनी मला घडांखाली न नेता खोडापाशी बसवलं. जमिनीपासून वीतभर वर एक गाठ. गाठीखालची साल वेगळ्या पोताची, वरची वेगळ्या. "खालचा डॉगरिज, वरचा थॉमसन. दोन देश हायत एका खोडात."

दोन नव्हे, मोजायला बसलं तर जास्तच. बिनबियांचं हे पांढरं द्राक्ष मूळ तुर्कस्तान-इराण पट्ट्यातलं, तिकडे त्याला सुलताना किंवा किशमिश म्हणतात. विल्यम थॉमसन या कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यानं १८७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रोपवाटिकेतून काड्या मागवल्या, त्यातून त्याची बाग उभी राहिली आणि नाव पडलं थॉमसन सीडलेस. ते आपल्याकडे आलं आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भोकरीसारख्या जुन्या, बिया असलेल्या जातींना त्यानं मागे टाकलं.

खालचा डॉगरिज टेक्सासचा. त्याची कथा फ्रान्समधून सुरू होते. १८६०च्या दशकात अमेरिकेतून गेलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा बारीक कीटक फ्रान्समध्ये उतरला आणि द्राक्षमळे भराभर वाळायला लागले. रोपांच्या देवाणघेवाणीची ही दुसरी बाजू, आणि ती विसरून चालणार नाही. उपाय निघाला तोही अमेरिकेतूनच. तिथल्या रानटी द्राक्षांची मुळं या किडीला दाद देत नाहीत. टेक्सासमधल्या डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन यांनी रानोमाळ फिरून असे वेल निवडले, फ्रान्सला सुचवले आणि फ्रान्सनं १८८८ साली त्यांना मानाचा किताब दिला. डॉगरिज हा मन्सन यांच्याच निवडीतला.

आता मामांचं ऐका. "आमच्याकडं ती कीड न्हवतीच. आमची अडचण पाण्याची. बोअरचं पाणी खारट, जमीन चोपण व्हायला लागली, थॉमसन स्वतःच्या मुळावर दम टाकायला लागला." टेक्सासच्या रखरखीत माळावरचा डॉगरिज खार आणि कोरड दोन्ही सोसतो. म्हणून नव्वदच्या दशकापासून आपल्याकडे आधी डॉगरिज लावायचा, तो वाढला की पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर हव्या त्या वाणाचं कलम बांधायचं, अशी पद्धत बसली. फ्रान्सनं ज्या कारणानं अमेरिकन मुळं घेतली त्याचा तासगावशी काही संबंध नाही. तासगावनं स्वतःचं कारण शोधलं.

मग छाटणी. युरोपात वेल वर्षातून एकदा छाटतात, थंडीत ती झोपलेली असते. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी. उन्हाळ्यात काडी तयार करायची आणि पावसानंतर घड काढायचे. समशीतोष्ण पट्ट्यातल्या वेलीला दख्खनच्या पंचांगात बसवायचं हे काम मला थक्क करणारं वाटतं. घडाचे मणी लांबवायला 'जीए'त बुडवणी करतात, ते म्हणजे जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक, मूळ जपानी संशोधनातलं. भाताची रोपं खुळ्यासारखी उंच वाढून आडवी पडत, त्या रोगाचा माग काढताना कुरोसावा यांना १९२६ साली बुरशीतला तो पदार्थ जाणवला. मामा आयुष्यभर कपात 'जीए' घेऊन घड बुडवत आले. जपानच्या भाताचं ऐकून त्यांनी मामेभावाला हाक मारली आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

दुपारी बोरगाव. तासगाव तालुक्यातल्या या गावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरली, तिच्या काड्या वाढवल्या आणि तास-ए-गणेश हा वाण उभा राहिला. सोलापूरकडे नान्नजला नानासाहेब काळे यांनी तसाच सोनाका निवडला. या वाणांच्या काड्या बागेबागेतून फिरल्या. अमक्याची बाग बघायला जायचं, छाटणीच्या वेळी काड्यांचा भारा मागून आणायचा, हे सर्रास चाले. फ्रेझिएपासून लेजरपर्यंत सगळीकडे नाव राहतं ते नेणाऱ्याचं. तासगावात ते राहिलं निवडणाऱ्या शेतकऱ्याचं.

आता चित्र पालटतंय. निर्यातीला हवे ते नवे रंगीत वाण परदेशी पैदासकारांच्या मालकीचे असतात, लागवडीला करार लागतो, रॉयल्टी भरावी लागते, शेजाऱ्याला काडी देता येत नाही. मामेभावाला त्यात वावगं वाटत नाही. संशोधनाला पैसा लागतो, दर चांगला मिळतो, हा त्याचा मुद्दा. मामा तडकले. "मग त्या चिलीतल्या माणसांना रॉयल्टी दिली का कुणी? टेक्सासच्या रानाला दिली?" मी मामांच्या बाजूची. पैदासकाराला मोबदला मिळावा, जरूर मिळावा. पण त्यानं ज्या सामग्रीवर काम केलं ती शेकडो पिढ्यांनी फुकट दिलेली आहे, हा हिशोबही कागदावर यायला हवा. आपल्या २००१च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात बी राखण्याचा, वापरण्याचा आणि वाटण्याचा शेतकऱ्याचा हक्क लिहिलेला आहे. तो वाचायला सोपा आहे, प्रत्येक बागाईतदारानं एकदा वाचावा.

संध्याकाळी बेदाण्याच्या शेडवर. तारेच्या जाळ्यांचे मजले, वरून पत्रा किंवा कापड, आणि चारी बाजूंनी कोरडा वारा. द्राक्षं आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. सालीवरचा मेणचट थर त्यानं मोकळा होतो आणि पाणी लवकर उडतं. ही रीत ऑस्ट्रेलियातून आली, पण तिचं मूळ भूमध्य सागराकाठी आहे. तिथं ऑलिव्हचं तेल आणि लाकडाची राख वापरत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखनातही ती सापडते. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. जत-कवठेमहांकाळच्या ज्या कोरड्या हवेला माणसं पिढ्यान् पिढ्या शिव्या देत आली तीच हवा इथं कामाला आली.

पाचवा दिवस : सांगली, हरिपूर, मिरज

आतापर्यंत सगळं बाहेरून आलेलं पाहिलं. सांगलीत उलटं. हळद आपल्याकडची, दक्षिण आशियातली, आणि ती जगभर गेली. बाजार समितीत पोत्यांच्या राशी, डोळे चुरचुरावेत इतका वास. अडत्यानं नखानं हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. भगव्याकडे झुकणारा. मग जेठे गड्डे, बगल गड्डे, सोरा गड्डे वेगवेगळे हातात दिले. जेठा गड्डा म्हणजे मधला, आईकंद. बेण्याला तोच चांगला.

बेण्याची गोष्ट महत्त्वाची, कारण हळदीला बी धरत नाही. तिच्या गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे बीज तयार होतच नाही. वाऱ्यानं, पाखरानं, पाण्यानं ती नव्या देशात जाऊ शकत नाही. जिथं जिथं हळद आहे तिथं तिथं कुणीतरी कंद हातात घेऊन गेलेला आहे. पॅसिफिक महासागरातले दर्यावर्दी आपल्या होड्यांतून ती हवाईपर्यंत घेऊन गेले, कोलंबस जन्मायच्या कितीतरी आधी. त्यांच्याजवळ ना वॉर्डची पेटी होती ना सरकारी खलिता.

आणि याच हळदीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. जखम भरून यायला हळद वापरणे, हा 'शोध' मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावावर. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. त्या संस्थेनं आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून ठेवले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. लढाई जिंकली ती लिहून ठेवलेल्या ज्ञानाच्या जोरावर. आजीनं कापलेल्या बोटावर हळद दाबली याला पेटंट कचेरीत पुरावा मानत नाहीत, छापील ओळ लागते. म्हणून पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा करावा लागला आणि २००२ साली जैवविविधता कायदा आला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथं पेढे वाटले असतील तर ते योग्यच होतं.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, आणि हळदीची पेवं, म्हणजे साठवणीची जमिनीखालची कोठारं, आहेत. एका वाड्याच्या मागे एक जुनं पेव बघायला मिळालं. वरून तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत गेल्यावर रुंद होत जाणारं, वीस-पंचवीस फूट खोल. इथली मळईची माती चिकट आणि घट्ट, पाणी आत झिरपू देत नाही. तळाला आणि कडेला पाला-चगाळाचा थर देत, मधे हळद भरत, तोंडावर माती लिंपत. आत हवा उरत नाही त्यामुळे किडा लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते, रंगही चढतो. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं. २००५च्या महापुरात यांतली कितीतरी पेवं पाण्याखाली जाऊन खचली आणि व्यापार गोदामांकडे, शीतगृहांकडे गेला. आता मोजकीच उरलीत. एखादं तरी नीट दुरुस्त करून, भरून, चालू स्थितीत राखायला हवं. हळदीच्या इतिहासाचं यापेक्षा चांगलं संग्रहालय कुठं मिळणार?

तिथून मिरज. सतारमेकर गल्लीत फरीदसाहेबांपासून चालत आलेली वाद्यं बनवण्याची परंपरा अजून जोरात आहे. माळ्यावर भोपळेच भोपळे लटकलेले. सतारीचा तुंबा दुधीच्याच जातकुळीतला, पण कडू आणि जाड कवचाचा. दुधीचा मूळ देश आफ्रिका. अमेरिकेत तो दहा हजार वर्षांपूर्वी होता, आणि तिथं तो आफ्रिकेतून समुद्रावर तरंगत गेला असं डीएनएच्या अभ्यासातून दिसलं आहे. वाळलेलं कवच महिनोन्महिने बुडत नाही आणि आतलं बी जिवंत राहतं. इतके दिवस माणसांच्या हातांमागे फिरल्यावर हे एक झाड असं निघालं की ज्यानं अर्धा प्रवास एकट्यानं केला.

कारागिरानं एक भोपळा बोटानं वाजवून दाखवला, मग दुसरा. दुसरा त्यांनी बाजूला ठेवला, कवच एका अंगाला पातळ होतं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वेलीवर असतानाच त्यांना आकार नीट यावा म्हणून शेतकरी ते कसे टेकवून ठेवतात, किती महिने वाळवतात, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मामांनी विचारलं, "बी कुठनं आणतात?" ते म्हणाले, "आणतात कुठलं? घरचंच. चांगला भोपळा निघाला की त्याचं बी ठेवायचं." मामांनी खिशातली वही काढून गावांची नावं उतरवून घेतली. मे महिन्यात भोपळे वाळत असताना भीमाकाठी जायचं, असं गाडीत बसायच्या आतच ठरलं.